पुराची रेघ

एका रविवारी आम्ही चौघं साताऱ्यात सिनेमाला गेलो. मध्यंतरानंतर अब्बा उठून बाहेर गेले. त्या दिवसानंतर त्यांनी ब्रश हातात धरला नाही.

दस्तगीर पेंटरनी, म्हणजे माझ्या अब्बांनी, काम कधी सोडलं असं कुणी विचारलं तर अम्मी म्हणते, पुरानंतर. माझा धाकटा भाऊ इरफानही तेच सांगतो. मी त्यांचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही, पण ते बरोबर नाही. पूर आणि सिनेमा यांच्यामध्ये दोन वर्षं गेली, आणि त्या दोन वर्षांत अब्बांनी रहिमतपुरात दोन बालवाड्यांच्या भिंती रंगवल्या, एका डेअरीचा बोर्ड लिहिला, मामांच्या सायकलदुकानाच्या शटरवर सायकल काढली, तिच्या चाकातला एकही आरा न चुकवता. पुराने आमचं घर नेलं. अब्बांचा हात नेला नव्हता. तो सिनेमाने नेला, आणि सिनेमाला त्यांना मी घेऊन गेले होते. म्हणून हे मला लिहायचं आहे, आणि म्हणूनच लिहायला इतका वेळ लागतो आहे.

सांगलीतलं आमचं घर नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत होतं. उतार इतका हलका की चालताना कळायचा नाही. पायडल न मारता सायकल आपोआप पुढे जायला लागली की कळायचा. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीत अब्बांचं दुकान. रंगाचे डबे, रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेले ब्रश, भिंतीला टेकवलेले अर्धे लिहिलेले बोर्ड. आमच्या कपड्यांना, वह्यांना, अगदी डब्यातल्या भाकरीलाही रॉकेलचा वास येतो असं शाळेतल्या मुली म्हणायच्या. मला तो कधी आला नाही. आता कुठे रंगकाम चाललेलं असलं की येतो, आणि मी तिथे काही काम नसताना थोडा वेळ उभी राहते.

सकाळ व्हायची ती आवाजांनी. आधी अजान, मग दुधाच्या किटल्या, मग अम्मीच्या हाताखाली थापली जाणारी भाकरी, आणि उजाडता उजाडता समोरच्या हौसाआक्कांच्या शेवयाच्या यंत्राची करकर. आक्का साठीच्या पुढच्या, एकट्या, गुडघ्यांनी अधू. त्यांचा मुलगा विलास नदीपासून लांब, विश्रामबागला फ्लॅटमध्ये राहायचा आणि दर महिन्याला त्यांना घेऊन जायला यायचा. आक्का दर महिन्याला त्याला जेवायला घालून परत पाठवायच्या. त्यांच्या दारातल्या कॉटवर पांढऱ्या धोतरावर शेवया वाळत असायच्या आणि आम्ही भावंडं येता-जाता एखादी कच्चीच मोडून खायचो. ईदच्या आधी त्या अम्मीला हाक मारून म्हणायच्या, "चंद्र दिसू दे न्हाईतर नको दिसू दे, माझ्या शेवयांबिगर तुमची ईद व्हायची न्हाई." ते खरंच होतं. आमचा शीरखुर्मा आक्कांच्या शेवयांचा असायचा आणि त्याचं पहिलं भांडं त्यांच्याकडेच जायचं. घरात आम्ही दखनी आणि मराठी मिसळून बोलायचो, गल्लीत निव्वळ मराठी. इथे मी सगळं मराठीतच लिहिते. अब्बांचा आवाज मला दोन्हींत सारखाच ऐकू येतो.

अब्बा दुकानांचे बोर्ड लिहायचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे देवांची आणि मुलांची नावं लिहायचे, आणि निवडणूक आली की भिंती. सगळ्याच पक्षांचे लोक त्यांच्याकडे यायचे. आज एकाचं चिन्ह काढायचं, चार दिवसांनी त्यावर चुना मारून दुसऱ्याचं. कुणी टोमणा मारला तर म्हणायचे, "भिंतीला पक्ष नसतो." मग फ्लेक्स आले. चौकात हसरे चेहरे लटकायला लागले, आणि ट्रॉल्या आणि शाळांच्या भिंती सोडल्या तर अब्बांकडे फार काही उरलं नाही. त्यांनी कुरकुर केली नाही. संध्याकाळी पडवीत बसून कांदा घातलेलं भडंग खायचे, नखांत निळा-पिवळा रंग तसाच, आणि रस्त्यावरच्या फ्लेक्सकडे बघत म्हणायचे, चेहरा छान आलाय, पण त्याला अक्षर म्हणत नाहीत.

मी तिसरीत असताना पूर आला होता. तो मला नीट आठवत नाही. आठवतं ते पाणी ओसरल्यानंतरचं. गल्लीतल्या लोकांनी ठरवलं की पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याची खूण करून ठेवायची, आणि ते काम अब्बांकडे आलं. भिंतींवर गाळाचा डाग होता, पण कुठे तो धुतला गेला होता, कुठे ओल धरून वर चढला होता. अब्बांनी गवंड्याकडून पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं. नळीचं एक टोक जिथे डाग पक्का होता तिथे धरायचं, दुसरं पुढच्या भिंतीवर. दोन्हीकडचं पाणी थांबलं की पेन्सिलीची खूण करायची. दुसरं टोक मी धरलं होतं. "थांबू दे त्याला," अब्बा म्हणायचे, "घाई केली की पाणीसुद्धा खोटं बोलतं." मग त्या खुणांवर निळीत घोळलेली सुतळी ताणायची. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. सैल सोडलंस तर रेघ पोट काढेल, असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून मी दोन्ही हातांनी, ओठ आवळून धरायची. मधे ते सुतळी चिमटीत धरून मागे ओढायचे आणि सोडायचे. टप् असा आवाज व्हायचा आणि भिंतीवर निळी रेघ उमटलेली असायची. तिच्यावरून त्यांनी निळ्या ऑइल पेंटची दोन बोटं रुंद पट्टी ओढली, आणि प्रत्येक घराशी खाली बारीक अक्षरांत लिहिलं: पुराची पातळी. आमच्या गल्लीत ती रेघ एका भिंतीवरून दुसरीवर अशी जायची की डोळे मिटून हात फिरवावा. आक्कांच्या जोत्यावर ती उंबऱ्याच्या दोन पायऱ्या खाली होती. आमचं घर त्याहून वर.

पुढची वर्षं ती रेघ गल्लीच्या अंगवळणी पडली. पोरांच्या क्रिकेटमध्ये रेघेच्या वर लागला की षटकार. खोली भाड्याने दाखवणारा आधी सांगायचा, रेघेच्या वरची आहे. पावसाळ्यात नदी फुगली की माणसं बातम्या लावायची नाहीत, आक्कांच्या जोत्यापाशी येऊन बघायची, आणि रेघेच्या खाली पाणी बघून घरी जाऊन जेवायची. पाणी एकदा कुठे आलं होतं याची ती खूण होती. पुढे पाणी कुठे येणार नाही याची ती खूण कधी झाली, ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. मी तेव्हा पुस्तकं वाचणारी मुलगी म्हणून गल्लीत ओळखली जायची, आणि मलाही ते सुचलं नाही.

मी बारावीत होते त्या वर्षी घाटाकडचा पाऊस थांबेना. जीपवरून लाउडस्पीकर फिरला की नदीकाठच्या लोकांनी निघावं. तो दर वर्षीच फिरायचा. दुपारी चारच्या सुमाराला आक्का वायरची पिशवी भरून दारात बसल्या होत्या. विलास रिक्षा घेऊन निघाला होता. अब्बा छत्री धरून जोत्यापाशी गेले तशा आक्कांनी विचारलं, "दस्तगीर, जाऊ का ऱ्हाऊ रं?"

अब्बांनी वाकून पाणी आणि रेघ यांच्यामध्ये बोटं लावली. "चार बोटं खाली हाय, आक्का. आन् तुमचा उंबरा तिच्यावर दोन पायऱ्या. ते गुडघं घिऊन कुटं जाताय या पावसात?"

"तू म्हंतोस म्हंजे झालं," आक्का म्हणाल्या. त्यांनी पिशवी आत नेली आणि विलासला फोन केला की येऊ नको.

सकाळी उजाडलं तेव्हा रेघ दिसत नव्हती. आमच्या पडवीत रंगाचे डबे तरंगत होते आणि एकमेकांवर आपटत होते. अब्बा आणि इरफान छातीएवढ्या पाण्यातून जाऊन आक्कांना घेऊन आले. एकाने खांद्याखाली धरलं होतं, एकाने गुडघ्यांखाली. गल्लीच्या वरच्या अंगाला एक स्लॅबचं घर होतं, त्याच्या गच्चीवर आम्ही पंधरा-सोळा माणसं चढलो. कुणीतरी चौकातला फ्लेक्स ओढून आणला आणि काठ्यांवर बांधला, त्याच्याखाली म्हातारी माणसं आणि लहान मुलं. आक्का ओल्या लुगड्यात कुडकुडत वर बघत होत्या. वर एक पुढारी दोन्ही हात जोडून हसत होता. "ह्यो बाबा येवडा कशाला हसतोय?" त्या म्हणाल्या, आणि गच्चीवरचे सगळे हसले. मग त्यांनी अब्बांकडे बघितलं. अब्बा गच्चीच्या कठड्याशी उभे राहून पाण्याकडे बघत होते. "रेघ चुकली व्हय रं, दस्तगीर?" त्या म्हणाल्या. थट्टेनेच म्हणाल्या; त्यांचा चेहरा मला आठवतो. सगळे पुन्हा हसले, आणि अब्बाही हसले.

बोट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर आक्कांना ताप चढला होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच त्या वारल्या. विलासने अब्बांना एका शब्दानेही काही विचारलं नाही, आणि अब्बा त्याच्याशेजारी स्मशानात उभे राहून आले. परत आल्यावर त्यांनी बराच वेळ हात धुतले.

आमच्या घराची मागची भिंत बसली होती. आम्ही रहिमतपूरला मामांकडे गेलो आणि तिथेच राहिलो. पुढच्या ईदला अम्मीने दुकानातून शेवयांचं पाकीट आणलं. शीरखुर्मा चांगला झाला होता. अब्बा म्हणाले, आज पोट बरं नाही. अम्मीने त्यांची वाटी झाकून ठेवली. त्या घरात आम्ही सगळेच फार समजूतदार झालो होतो, आणि आता मला वाटतं की थोडं कमी समजूतदार असतो तर बरं झालं असतं.

मी बी.ए.साठी साताऱ्यात राहायला लागले. तिथे त्या सिनेमाबद्दल वाचलं. नाव होतं 'सगळं आटोक्यात', लहानशा मंडळींनी केलेला, कुणी मोठा नट नाही. नदीकाठचं एक गाव, गावात पाणी चढत जातं, आणि त्याबरोबर कमानी, सत्कार, समित्या आणि भाषणं चढत जातात. वसतिगृहातल्या मुली सांगत होत्या की हसून हसून रडायला येतं. कॉलेजात त्यावरून भांडणंही झाली, कारण त्यातला मंत्री कोण आहे यावर एकमत नव्हतं. मला वाटलं, आमच्या घरात दोन वर्षं कुणी मोठ्याने हसलेलं नाही. आणि असंही वाटलं की आपल्यावर जे आलं त्याची जबाबदारी कुणाची ते कुणीतरी पडद्यावर सांगतंय, ते अब्बांनी बघावं. मी फोन करून हट्टच धरला.

त्याच आठवड्यात सांगलीहून गल्लीतल्या मंडळाचा निरोप आला होता. नवी रेघ मारायची होती. इतके दिवस कुणाचं मन धजत नव्हतं. आता ठरलं होतं, आणि त्यांना दस्तगीर पेंटरच हवे होते. अब्बा हो म्हणाले होते. अम्मीने नंतर सांगितलं की त्यांनी नवी नळी आणली, जुनी सुतळी काढून तिच्या गाठी सोडवल्या, आणि म्हणाले, नसीमाला सुट्टी असेल त्या दिवशी जाऊ, दुसरं टोक तिचा हात ओळखतं.

रविवारी तिघं एसटीने साताऱ्याला आले. अम्मीने चपात्या, सुकी बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. ती आम्ही स्टँडवरच बाकावर बसून खाल्ली. अब्बांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्हा चौघांचा तो एकत्र पहिला सिनेमा. थिएटर भरलं होतं आणि लोक पहिल्या दहा मिनिटांतच हसायला लागले. गावात पाणी शिरतं तेव्हा मंत्री गुडघाभर पाण्यात उभा राहून सांगतो की हे पाणी नाही, हा ओलावा आहे. टीव्हीवर चार माणसं ओलावा की पाणी यावर वाद घालतात आणि वाद घालता घालता त्यांच्या खुर्च्या तरंगायला लागतात. मागून कुणीतरी एका पुढाऱ्याचं नाव ओरडलं, दुसऱ्या कोपऱ्यातून दुसऱ्याच पुढाऱ्याचं. मध्यंतरात वडापावच्या गाड्यापाशी दोन टोळकी हमरीतुमरीवर आली होती. दोघांचंही म्हणणं होतं की हा मंत्री समोरच्यांचा आहे. इरफानला फार मजा येत होती. तो अब्बांना म्हणाला, बघा, आपलंच दाखवलंय, वरची माणसं अशीच असतात. अब्बा चहा पीत होते. ते म्हणाले, कमान चांगली रंगवली आहे, कुणीतरी जाणकार असणार.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. गावातल्या लोकांना धोक्याची पातळी ओलांडल्याचं कळू नये म्हणून मंत्री हुकूम देतो की पातळीची रेघच वर सरकवा. एक पेंटर येतो. मळका शर्ट, हातात डबा, कानावर पेन्सिल. तो शिडीवर चढतो आणि अदबीने विचारतो, "साहेब, किती वर मारू?" मंत्री म्हणतो, "पाणी पोचणार नाही तिथं मार." पेंटर रेघ मारतो, मागे सरकून ती सरळ आली का ते डोळा बारीक करून बघतो, आणि खाली उतरायला बघतो तर शिडीच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेलेल्या. सबंध थिएटर हसत होतं. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई पदर तोंडाला लावून रडत होती आणि तिचा नवरा शेजारी टाळ्या वाजवत होता. मी हसत होते. इतकी हसत होते की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसताना मला दिसलं की अब्बा उठून उभे राहिलेत. मागचा माणूस म्हणाला, ओ काका, बसा की खाली. अब्बा त्याला माफ करा म्हणाले आणि माझ्या गुडघ्यांवरून पुढे सरकत बाहेर गेले. अम्मी उठायला लागली. मी तिचा हात धरून म्हटलं, येतील, बस.

मी शेवट बघितला. हे मी पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. शेवटी सगळा गाव पाण्याखाली जातो आणि पाण्याच्या वर फक्त एक माइक उरतो आणि त्यातून भाषण चालू राहतं. लोक उठले तेव्हा कुणी हसत होते, कुणी शिव्या देत होते, एकजण म्हणत होता की असले सिनेमे बंद केले पाहिजेत. इरफान रागाने लाल झाला होता. त्याला वाटत होतं की आत्ताच्या आत्ता कुठेतरी जाऊन काहीतरी केलं पाहिजे. अब्बा सायकलस्टँडच्या कट्ट्यावर बसले होते. शेजारी चहाचा कप होता, भरलेला, वर साय धरलेली.

परतताना मी त्यांच्याबरोबर रहिमतपूरला निघाले. अम्मी आणि इरफान पुढच्या सीटवर, मी अब्बांच्या शेजारी. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्या पेंटरचं नाव काय होतं गं?"

"कुठल्या?"

"सिनेमातल्या."

"नाव नव्हतं, अब्बा. छोटं काम होतं त्याचं."

"हं," ते म्हणाले.

कोरेगाव मागे पडलं. बाहेर ऊन कलत होतं आणि बसमध्ये कुणीतरी फोनवर गाणी लावली होती. अब्बा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी थांबा म्हणालो नसतो, तर आक्का त्या दिवशी विलासबरोबर गेल्या असत्या ना?"

तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. जितकं माहीत आहे तितकंच म्हणावं, त्याच्या पुढे जाऊ नये, हे मी नुकतंच शिकले होते आणि मला त्याचा अभिमान होता. मी म्हटलं, "असं ठामपणे कसं सांगता येईल, अब्बा?"

त्यांनी मान हलवली. गिऱ्हाइकाने बोर्डावरचा मजकूर सांगावा आणि तो कळला म्हणून हलवावी, तशी. "बरोबर आहे," ते म्हणाले. त्यानंतर आम्ही त्या विषयावर कधीही बोललो नाही.

सोमवारी त्यांनी सांगलीला फोन करून सांगितलं की हात थरथरतो, दुसरा माणूस बघा. पुढे ज्याने-त्याने विचारलं त्याला तेच सांगितलं. मामांच्या दुकानात ते गल्ल्यावर बसायला लागले. शाळेचे शिक्षक आले, मशिदीच्या पाटीचं काम आलं, सगळ्यांना एकच उत्तर: हात थरथरतो. संध्याकाळी अम्मी शिवायला बसली की सुई त्यांच्यापुढे धरायची. ते उजेडाकडे तोंड करून पहिल्याच खेपेला दोरा ओवून द्यायचे. हे अम्मी आणि इरफान रोज बघायचे, आणि सुट्टीला गेले की मीही.

मी उत्तर बदलू शकले असते. पुढे अडीच वर्षं ते होते. सुट्टीला घरी गेले की मी मनात वाक्य तयार करून न्यायची. अब्बा, तुम्ही पाणी कुठे आलं होतं ते लिहिलंत, पुढचं आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनाने वाचलं. एवढंच म्हणायचं होतं. पण ते दारात उभे असायचे, माझी पिशवी घ्यायचे, पुस्तकांच्या वजनावरून काहीतरी गंमत करायचे, आणि मला वाटायचं, कशाला उकरून काढा. मग एका सकाळी दुकान उघडताना शटरचा अर्धा भाग वर गेला आणि ते खाली बसले. शटरवरची सायकल अर्धी गुंडाळलेली होती. मामा सांगतात की फार वेळ लागला नाही.

अब्बांच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी एकटीच सांगलीला गेले. आमच्या घराच्या जागी कुणीतरी गोडाऊन बांधलं आहे. आक्कांचं घर आहे. विलासदादा दर रविवारी येऊन उघडतो, झाडून काढतो आणि संध्याकाळी बंद करतो. त्याने मला कॉटवर बसवलं, चहा केला, पुडीतलं भडंग ताटलीत ओतलं. अब्बांबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं, सिनेमाचंही, बसमधलंही. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. त्याने कपातला चहा संपवला.

"खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "चाचा म्हणाले म्हणूनच आई ऱ्हायली. पण मी तवा अर्ध्या वाटंत हुतो, नसीमा. फोनवर तिला पयलं काय इचारलं मी? बरी हायस का, असं न्हाई इचारलं. रेघ कुटं हाय, हे इचारलं. ती म्हणाली चार बोटं खाली, आन् मी रिक्षा माघारी फिरवली." त्याने रिकामा कप खाली ठेवला. "चाचांना हे सांगायला पायजे हुतं मी. रोज वाटायचं, आज फोन करू."

मी त्याला म्हटलं की मलाही तसंच वाटायचं.

निघताना तो मला जोत्यापाशी घेऊन गेला. उंबऱ्याच्या वर, दाराच्या कडीच्या उंचीवर, नवी रेघ आहे. लाल. कुणी मारली ते मी विचारलं नाही. आक्कांच्या दारापाशी तिने पोट काढलं आहे. सुतळीचं एक टोक कुणीतरी सैल धरलं असणार. तिच्या पुष्कळ खाली अब्बांची निळी रेघ आहे, रंग उडालेली, आणि अजून सरळ.

नळी न वापरताच पिवळी पडून चिरली होती, ती टाकून दिली. ब्रश इरफानने एका शाळेला दिले. सुतळी माझ्याकडे आहे, साताऱ्याच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटात. हात लावला की बोटांना अजून नीळ लागते.